कुत्र्यापासून सावध राहा

कर्जतेहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले म्हणजे जो मजकूर प्रवाशाच्या दृष्टीस वारंवार पडतो, तो कोणा कवीचा नव्हे, संताचा नव्हे, सरकारचाही नव्हे. तो अवघ्या तीन शब्दांचा आहे : 'कुत्र्यापासून सावध राहा.' भाताची खाचरे मागे पडतात, मध्येच तारेचे कुंपण लागते, लोखंडी फाटक येते, फाटकावर ही पाटी असते आणि फाटकाआड कोणा मुंबईकराचे अगर पुणेकराचे शेतघर. घरधन्याचे नाव पाटीवर असतेच असे नाही. कुत्र्याची दखल मात्र हटकून घेतलेली असते. पूर्वी दारावर 'सुस्वागतम्' लिहिण्याची चाल होती. ती मागे पडून येणाऱ्यास प्रथम भय दाखवावे अशी चाल पडली, याविषयी आम्ही पूर्वी एकदोनदा मित्रमंडळींत थट्टेने बोललोही आहो. पण थट्टा करणाऱ्याच्या स्वतःच्या फाटकावरही तीच पाटी नऊ वर्षे होती. ती आम्हीच कर्जतच्या बाजारातून रंगवून आणली होती, आणि रंगाऱ्याने 'रहा' लिहिले होते ते पुसून 'राहा' करावयास लावले होते. शब्द शुद्ध झाला. त्याचा अर्थ मात्र आम्हांस नऊ वर्षे कळला नाही. तो कसा कळला, एवढेच येथे सांगावयाचे आहे. ज्या वाचकाच्या फाटकावर अशी पाटी असेल, त्याने हे आपणांसच उद्देशून आहे असे समजण्यास आमची हरकत नाही.

आम्ही मुंबईच्या एका महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवितो. कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ, खोपोली शाखेवरील एका लहान स्थानकापासून थोड्याच अंतरावर आमचे लहानसे घर आहे. शनिवार-रविवार आणि मोठ्या सुट्या तेथे जातात. कुत्रा पाळला तो राखणीसाठी. धन्याच्या मागे सावलीसारखा फिरतो म्हणून आम्ही त्याचे नाव 'बॉस्वेल' ठेविले. राखणदाराच्या जिभेवर त्याचा 'बाशा' झाला, आणि कुत्रा त्या नावालाच अधिक तत्परतेने ओ देऊ लागला. हे योग्यच होते. आठवड्याचे पाच दिवस त्याला भाकरी घालणारा राखणदार होता. आम्ही केवळ नाव ठेवणारे.

२०२४ सालच्या जून महिन्याची ३ तारीख, सोमवार. महाविद्यालयास सुटी होती. सकाळी दहाच्या सुमारास आम्ही पडवीत बसून उत्तरपत्रिका तपाशीत होतो. जवळच्या कातकरी वाडीतील एक बाई आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन जांभळे विकावयास आली. ती अनाहूत आली नव्हती. आदल्याच आठवड्यात आमच्या कुटुंबाने तिच्याकडून दोन पाट्या जांभळे घेतली होती आणि 'सोमवारी पुन्हा ये हं' म्हणून बजाविले होते. फाटकाची कडी लावलेली नव्हती, नुसते ढकललेले होते. मुलगी पुढे झाली. बॉस्वेल मोकळा होता.

प्रथम भुंकणे ऐकू आले. ते रोजचेच, म्हणून आम्ही मान वर केली नाही. मागोमाग किंकाळी ऐकू आली. आमच्या हातात त्या क्षणी एका विद्यार्थ्याच्या गुणांची बेरीज होती. ती पुरी केली, बेरजेभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ काढिले आणि मग आम्ही उठलो. फार तर आठ-दहा सेकंद गेले असतील. या आठ-दहा सेकंदांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे. तूर्त वाचकांनी ते ध्यानात ठेवावे. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा राखणदाराने कुत्र्याला गळपट्ट्याला धरून मागे ओढिले होते. पोरीच्या पिंडरीत वरचे दोन व खालचे दोन असे चार दात रुतले होते. वाटेवर जांभळे सांडून चेंगरली होती. मुलगी आता रडतही नव्हती. आईच्या लुगड्याचा सोगा दोन्ही मुठींत धरून कुत्र्याकडे टक लावून पाहत होती.

पुढे जे शहाणपणाचे घडले ते आमच्या कुटुंबामुळे घडले. आई जखमेला चुना लावू पाहत होती, राखणदार तिखट आणावयास धावला होता. दोघांसही बाजूस सारून कुटुंबाने पोरीला नळाखाली बसविले आणि साबण लावून वाहत्या पाण्याने घड्याळात पाहून पंधरा मिनिटे जखम धुतली. कुत्र्याच्या लाळेतून येणारे रेबीजचे विष प्रथम जखमेतच असते. ते जितके धुऊन जाईल तितका पुढचा धोका कमी होतो. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे रोगी वाचल्याची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. म्हणून जे करावयाचे ते लक्षणे दिसण्यापूर्वी करावयाचे असते. मग आम्ही मुलीला गाडीतून सरकारी रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरबाईंनी जखम पाहून सांगितले की, कातडी फाटून रक्त आले आहे तेव्हा हा तिसऱ्या वर्गाचा दंश. नुसत्या लशीने भागणार नाही, जखमेतच सीरम टोचावे लागेल. लस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. आमच्या लहानपणी कुत्रे चावले म्हणजे पोटात चौदा सुया, हे वाक्य मुलांना भिवविण्यासाठी उच्चारीत असत. मेंदूच्या ऊतकापासून केलेली ती जुनी लस हिंदुस्थानात २००४ सालाच्या अखेरीपर्यंत तयार होत होती. आता चार वेळा दंडात टोचून काम होते, आणि सरकारी रुग्णालयात त्याचे मूल्य पडत नाही.

डॉक्टरबाईंनी मग आमच्याकडे वळून विचारले, "कुत्र्याला लस दिलेली आहे ना?" आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने 'होय' म्हटले आणि घरी येऊन कार्ड पाहिले, तो मुदत संपून पाच महिने झाले होते. कुत्रा दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावा असे त्यांनी सांगितले होते. ते दहा दिवस आम्ही बॉस्वेलच्या प्रत्येक जांभईकडे ज्या एकाग्रतेने पाहिले, तितक्या एकाग्रतेने आम्ही कोणाही ग्रंथकाराकडे पाहिलेले नाही. कुत्रा निरोगी निघाला. पण तो निरोगी होता हे आम्हांस अकराव्या दिवशी कळले; दंश झाला त्या दिवशी आम्हांस काहीच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असणे हे आमचे काम होते.

त्या रात्री आम्ही पुस्तके काढिली. सुशिक्षित मनुष्याच्या हातून चूक झाली म्हणजे तो प्रथम पुस्तकांकडे धावतो. पश्चात्तापासाठी नव्हे, आधारासाठी. आम्हांस आधार हवा होता तो असा की, जनावराच्या वर्तनास धनी जबाबदार नाही. इंग्रजी कायद्याच्या पुस्तकांत तो मिळेल अशी आशा होती, कारण तेथे एक जुने तत्त्व आहे : पाळीव जनावर स्वभावाने उपद्रवी आहे हे धन्यास ठाऊक असेल तर तो जबाबदार, ठाऊक नसेल तर त्याच्यावर बोजा सहसा येत नाही. १८४६ साली इंग्लंडात मे विरुद्ध बर्डेट या खटल्यात एका स्त्रीला माकड चावले होते. न्यायालयाने ठरविले की, जो मनुष्य चावरे जनावर ते चावरे आहे हे ठाऊक असून बाळगितो, त्याच्यावर त्याच्या कृत्याचे दायित्व येते. त्याने निष्काळजीपणा केला हे वेगळे सिद्ध करावयास नको. इंग्लंडाने पुढे १९७१ साली याविषयी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे नुकसानभरपाईच्या बाबतीत तसा स्वतंत्र कायदा नाही. दिवाणी न्यायालये याच जुन्या तत्त्वाच्या व निष्काळजीपणाच्या नियमाच्या आधारे चालत आली आहेत.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला की, बॉस्वेल चावरा आहे हे आम्हांस ठाऊक होते काय? 'नाही' असे उत्तर ओठांवर आले, आणि त्याच वेळी तीन साक्षीदार डोळ्यांपुढे उभे राहिले. पहिला साक्षीदार दूधवाला. वर्षापूर्वी बॉस्वेलने त्याच्या पाटलोणीचा तुकडा तोंडात आणिला होता, आणि ती हकीकत आम्ही अध्यापकांच्या खोलीत रंगवून सांगून भरपूर हशा मिळविला होता. दुसरी साक्षीदार दाराशी टांगलेली साखळी. निरुपद्रवी जनावरासाठी कोणी साखळी विकत घेत नाही. आणि तिसरी साक्षीदार ती पाटी. ती येणाऱ्यास सूचना आहे असे आम्ही समजत होतो. वस्तुतः तो आमचाच कबुलीजबाब होता, शुद्धलेखनासह, रस्त्यावर टांगलेला. 'माझा कुत्रा चावतो हे मला ठाऊक आहे' एवढाच त्या तीन शब्दांचा कायद्याच्या भाषेतील अर्थ. पाटी लाविली म्हणजे जबाबदारी संपली असे या दोन तालुक्यांतील कित्येक शेतघरवाल्यांस वाटते, आम्हांसही वाटे. जिला आपण होऊन बोलाविले आणि जिला वाचता येत नाही, तिच्यापुढे तर ही ढाल कागदाचीसुद्धा नव्हे.

आधार शोधता शोधता आम्ही फार मागे गेलो. हम्मुराबीच्या थोडे आधीचे एश्नुन्ना नगरीचे जे कायदे मातीच्या विटांवर कोरलेले इराकात सापडले आहेत, त्यांत कुत्र्याचे कलम आहे. कुत्रा चावरा आहे असे पेठेच्या अधिकाऱ्यांनी धन्यास कळविले, तरी त्याने तो आवरिला नाही आणि कुत्रा चावून मनुष्य मेला, तर धन्याने चाळीस शेकेल रुपे तोलून द्यावे. तेथे सूचना अधिकाऱ्याने द्यावयाची असे. आम्ही ती स्वतःची स्वतःस नऊ वर्षे देत होतो.

मग याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय उघडिला, आणि तेथे आमची खरी गाठ पडली. दाढा असलेल्या व शिंगे असलेल्या जनावरांच्या धन्याविषयी स्मृतिकार सांगतात की, सोडविण्याचे सामर्थ्य असून जो धनी सापडलेल्या माणसास सोडवीत नाही, त्यास प्रथमसाहस दंड, म्हणजे त्याच स्मृतीच्या मोजणीप्रमाणे २७० पण. आणि त्या माणसाने आक्रोश केला असेल तर दुप्पट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही याच आशयाचे वचन आहे. 'आक्रोश केला असेल तर दुप्पट' हे वाचून आम्ही ग्रंथ मिटविला. आरंभी जे आठ-दहा सेकंद वाचकांस ध्यानात ठेवावयास सांगितले, ते हेच. इंग्रजी न्यायाधीश विचारतो, 'तुला काय ठाऊक होते?' स्मृतिकार त्यापुढे जाऊन विचारितो, 'तुला काय ऐकू आले, आणि मग तू काय केलेस?' पहिल्या प्रश्नाला वकील उत्तर देऊ शकेल. दुसऱ्याला आमच्याजवळ एकच उत्तर होते : आम्ही बेरीज करीत होतो.

फौजदारी बाजूही सांगितली पाहिजे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत २८९ वे कलम होते : आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या प्राणास अगर जबर दुखापतीचा जो संभाव्य धोका असेल, त्याचा पुरेसा बंदोबस्त जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न करणे हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८६० साली हजार रुपये ही संपत्ती होती. तोच आकडा २०२४ सालापर्यंत जसाच्या तसा राहिला. तोवर खालापूर तालुक्यातील विश्रामगृहात एका रात्रीच्या खोलीसही तो पुरेनासा झाला होता. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने तो आता पाच हजारांवर नेला आहे. दंड सरकारजमा होतो हे खरे. पण शिक्षा देताना जखमी झालेल्यास भरपाई देवविण्याचा अधिकार फौजदारी न्यायालयास आहे. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे फिर्याद आल्यावर पोलिसांस न्यायाधीशाच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाही. न्यायालयाने त्याची दखल घेण्याची मुदत सामान्यतः एक वर्षाची. हे कलम झोपलेले आहे असेही नाही. मुंबईत २०१० साली एका वृद्ध गृहस्थास परिचिताचा कुत्रा चावला. २०२३ साली गिरगावच्या न्यायालयाने धन्यास तीन महिन्यांची कैद सांगितली. न्याय मिळाला, पण तेरा वर्षांनी. आणि तेरा वर्षे वाट पाहण्याची ऐपत ही स्वतंत्र मिळकत आहे.

कलमाच्या भाषेतील एक शब्द आमच्या भागापुरता फार महत्त्वाचा आहे. कलमात 'मालक' असे म्हटलेले नाही. जनावर 'ज्याच्या ताब्यात' असेल तो, असे म्हटले आहे. आम्हांस याची जाणीव पुस्तकाने करून दिली नाही. राखणदाराने करून दिली. तो जखमी मुलीचा सख्खा चुलता. त्या संध्याकाळी पायरीशी उभा राहून त्याने विचारले, "साहेब, केस झाली तर नाव माझंच लागंल ना? कुत्रा तर माझ्याच ताब्यात असतो." त्या दिवशी आम्ही घरी होतो, म्हणून तसे होणार नव्हते. पण मंगळवारी ही गोष्ट घडती तर? चावलेली मुलगी वाडीतली, कायद्याच्या तोंडी पडणारा माणूसही वाडीतला, आणि कुत्र्याला विलायती नाव देणारा मुंबईत चहा पीत बसलेला. चाकराच्या हयगयीस धनी जबाबदार असतो हे दिवाणी कायद्याचे तत्त्व आहे. परंतु ते राखणदारास कोण सांगणार?

आता जी गोष्ट सांगणे आम्हांस सर्वांत जड जाते ती सांगतो. तिसऱ्या दिवशीच्या टोचणीहून परत येताना आम्ही मुलीच्या आईच्या हातात पाच हजारांचे पाकीट ठेविले. तिने ते उघडून पाहिले नाही. "हे घेतलं म्हणजे मिटलं ना, साहेब?" तिने विचारले. तिला खरोखर काय विचारावयाचे होते हे आम्हांस लख्ख कळले. आम्ही म्हणालो, "मिटलं."

मिटविण्याचा अधिकार आमचा नव्हता. तिला काय काय करता येते हे त्या वेळी त्या गाडीत एकट्या आम्हांसच ठाऊक होते. ते असे : ती पोलिसांत फिर्याद देऊ शकत होती. दवाखान्याचे केसपेपर, जखमेची छायाचित्रे आणि दूधवाल्याची साक्ष एवढ्यावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा उभा राहू शकत होता. मुलगी अज्ञान, म्हणून आई तिची वादमित्र होऊन तो लावू शकत होती. वकिलाची फी आडवी येत नव्हती. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जमातींची माणसे यांस उत्पन्न न पाहता सरकारखर्चाने वकील मिळतो, आणि त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातच समिती असते. कातकरी बाई आणि तिची लहान मुलगी यांस हा हक्क एका नव्हे, तीन तीन कारणांनी होता. हे सारे त्या एका 'मिटलं'खाली आम्ही झाकून टाकिले. कुत्र्याने केले ते जनावराच्या स्वभावाने केले. हे आम्ही पदवीधराच्या बुद्धीने केले.

हल्ली कुत्र्यांचा प्रश्न सर्वत्र गाजत आहे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात भटक्या जनावरांच्या दंशाबद्दल सरकारने दाताच्या प्रत्येक खुणेस किमान दहा हजार रुपये द्यावे असे ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयी ११ तारखेस एक हुकूम दिला आणि २२ तारखेस तो बदलिला. या वादात दोन्ही बाजूंनी तळमळीने बोलणारी माणसे आहेत. पण ज्या कुत्र्यास धनी नाही त्याच्याविषयी देश इतका बोलतो, आणि ज्यास धनी आहे, पाटी आहे, गळपट्टा आहे, त्याच्याविषयी या शिवेवर कोणी चकार शब्द काढीत नाही, हे आम्हांस चमत्कारिक वाटते. कारण उघड आहे. फाटकाआडील माणसाच्या घरी ज्यांची रोजी, त्यांनीच तक्रार करावयाची असते.

शेवटच्या टोचणीचा दिवस १ जुलै हा आला. योगायोग असा की, त्याच दिवशी जुनी दंड संहिता जाऊन नवी न्याय संहिता अमलात आली. दंश जुन्या कायद्याखाली झाला, शेवटची सुई नव्या कायद्याखाली टोचली गेली. आमचा गुन्हा मात्र जुन्याच कलमाखाली राहणार होता. आमची गाडी मुंबईस दुरुस्तीला होती, म्हणून आम्ही तिघे मिनिडोरमधून निघालो. पाऊस लागला होता. शाळेचा दिवस बुडाला म्हणून मुलगी खूष होती. वाटेत आम्ही घसा साफ केला आणि आईला म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी मिटलं म्हणालो, ते खोटं होतं. मिटलेलं नाही." आणि फिर्याद, मुदत, दावा, फुकट वकील हे सारे जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनात इतके कठीण व्याख्यान आम्ही दिलेले नाही. कारण येथे विद्यार्थ्यास विषय समजला तर शिक्षक नापास व्हावयाचा होता.

बाईने सारे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "कोनावर, तुमच्यावर?" आम्ही 'होय' म्हटले. ती किंचित हसली. "नि मंग दिराला कामाला कोन ठेवील? नि मला जांभळं घ्याला कोन बोलवील?" शेजारची दोन माणसे आमच्याकडे पाहू लागली. आम्ही गप्प बसलो. हक्क सांगणे आणि हक्क बजाविता येण्यासारखी स्थिती असणे यांत जे अंतर आहे, ते कोणत्याही कलमात लिहिलेले नसते. तरीही सांगावयास नको होते असे आम्हांस वाटत नाही. तिने जे सोडिले, ते आता ठाऊक असून सोडिले. पूर्वी तिला ते सोडण्याचाही अधिकार आम्ही ठेविला नव्हता.

तेव्हा ज्या ठिकाणी न्यायालय पोचत नाही तेथे धन्याने स्वतःच न्यायाधीशाच्या जागी उभे राहून स्वतःविरुद्ध हिशेब करावा, यावाचून मार्ग दिसेना. लस सरकारने दिली. पण चार दिवसांची आईची मजुरी, मिनिडोरचे भाडे, सांडलेली पाटी आणि वाडीहून शाळेला जाताना कुत्रे दिसले की पाय लटपटणाऱ्या मुलीचे भय, यांची किंमत सरकारने दिलेली नव्हती. पहिल्या तीन रकमा आम्ही मोजून दिल्या. चौथीला माप सापडेना, म्हणून पंजाबातील न्यायाधीशांचे माप उसने घेतले : चार दात, चाळीस हजार. ती रक्कम मुलीच्या नावे टपालकचेरीत ठेविली, आणि आईला दोनदा बजावून सांगितले की, याने काहीही मिटत नाही. पाटी काढून टाकिली. तिच्या जागी फाटकाला घंटा लाविली, कडीला कुलूप आले, आणि बॉस्वेलसाठी मागील अंगणात जाळीचे प्रशस्त आवार केले. लशीचे कार्ड आता दारामागे खिळ्याला टांगलेले असते. राखणदारास आम्ही स्वहस्ताक्षरात लिहून दिले आहे की, कुत्रा आमचा, त्याच्या वर्तनाचा जबाब आमचा. तो कागद त्याने पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेविला आहे, असे त्याने सांगितले.

यांत आम्ही काही विशेष केले असे कोणी म्हणू लागला तर त्यास आम्ही याज्ञवल्क्य वाचावयास सांगू. आक्रोश ऐकला असेल तर दुप्पट. त्या मापाने आमचे देणे अद्याप निम्मेच फिटले आहे.

२०२५ सालच्या जूनमध्ये ३ तारीख उलटली. फौजदारीची वर्षाची मुदत संपली. परंतु अज्ञान मुलाच्या दिवाणी दाव्याची मुदत ते सज्ञान होईपर्यंत मोजावयास लागत नाही. म्हणजे त्या मुलीचा आमच्यावरील हक्क अजून बरीच वर्षे जिवंत राहणार आहे. हे एके काळी आम्हांस धास्तीचे वाटले असते. आता तसे वाटत नाही. ती मोठी होईल, कदाचित कायदाही शिकेल, आणि एखाद्या दिवशी आम्हांस जाब विचारील, तर बरेच होईल.

त्याच आठवड्यात ती जांभळे घेऊन आली होती. घंटेला तिने हात लाविला नाही. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी राहून तिने नुसती हाक मारिली. आम्ही पडवीतच होतो आणि पुढ्यात उत्तरपत्रिका होत्या. बेरीज तशीच सोडून आम्ही उठलो.